तक्त्यातला आकडा आणि तुमच्या रानातला आकडा

सांगोल्याच्या पेठेत ठिबकच्या कुठल्याही दुकानात जा, काउंटरमागे तक्ते लावलेले दिसतील. कुठल्या पाईपातून किती पाणी नेलं तर किती हेड वाया जातं, किती एचपीची मोटार किती उंचीवर किती लिटर फेकते, कुठल्या महिन्यात डाळिंबाच्या झाडाला किती पाणी द्यायचं. खताच्या पोत्यावर तक्ता, औषधाच्या डब्यातल्या घडीच्या कागदावर तक्ता, आता मोबाइलवरही तक्ता. यातले आकडे बहुतेक बरोबर असतात. पण ते कुणीतरी दुसऱ्या रानासाठी, काही गोष्टी गृहीत धरून काढलेले असतात. त्या गृहीत गोष्टी तक्त्याच्या डोक्यावर नाही तर तळाशी बारीक अक्षरात लिहिलेल्या असतात आणि नेमक्या त्याच कुणी वाचत नाही.

त्यामुळे तक्ता हातात आला की वहीचं एक पान घ्यायचं आणि आपल्या रानातले आकडे टाकून एक उदाहरण स्वतः सोडवायचं. खाली तशी काही सोडवून दाखवतो. दहावीपलीकडचं गणित त्यात नाही. एका ठिकाणी लॉग टेबल लागेल, ते घरातल्या बारावीच्या पोराच्या दप्तरात मिळेल.

सांगोल्यात हे जास्त गरजेचं आहे. सोलापूर जिल्ह्यात पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो; जून-जुलैवर कुणी भिस्त ठेवत नाही. अशा तालुक्यानं डाळिंबावर एवढी मजल मारली की २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे इथूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली. ही मजल शेततळी आणि ठिबक यांच्या जोरावरची आहे. जिथं पाणी विहिरीतल्या फुटांवर मोजलं जातं, तिथं हिशेबातली दहा टक्क्यांची चूकसुद्धा बहर खाते.

आधी मापं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेली 'लीलावती' उदाहरणांनी सुरू होत नाही. आधी नाणी, वजनं, लांबी, धान्याची मापं यांची परिभाषा येते, मग गणित. आपणही तेच करायचं. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, बोलताना एकर-गुंठे, विहीर फुटात, तिची खोली परसात, तळं मीटरमध्ये, पाईप कधी इंचात तर कधी मिलिमीटरमध्ये. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच १०१.१७ चौरस मीटर. आर नेमका १०० चौरस मीटरचा. दोघांतला फरक सव्वा टक्क्याच्या आतला, तो सोडून द्या. पण परस माणसागणिक बदलतो, त्यामुळे कुणी 'आठ परस विहीर' म्हटलं की फुटात किती ते विचारूनच वहीत लिहा. पाईपाचंही तसंच. दुकानात ज्याला दोन इंची म्हणतात तो ६३ मिलिमीटरचा, अडीच इंची ७५ चा, तीन इंची ९० चा. आणि हे आकडे पाईपाच्या बाहेरच्या व्यासाचे आहेत. पाणी आतून वाहतं. आतला व्यास पाईप किती किलो दाबाचा आहे त्यावर ठरतो. तक्ता आतल्या व्यासाचा की बाहेरच्या, हे दुकानदाराला विचारायला लाजू नका.

पाठ करून ठेवावेत असे दोन-तीनच आकडे आहेत. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर, एकरावर ४,०४७ लिटर. दाबाचा एक किलो म्हणजे पाण्याचे १० मीटर. सेकंदाला एक लिटर म्हणजे तासाला ३,६०० लिटर. तोंडी पडताळ्याला जुन्या उजळणीतले पाढे आजही कामाला येतात. हेक्टरचे एकर करायला अडीचकी चालते, उत्तर टक्काभर जास्त येतं एवढंच. सेकंदाच्या लिटरचे तासाचे हजार लिटर करायला औटकी जवळ येते: पाच औटं साडेसतरा, खरं उत्तर अठरा. कॅल्क्युलेटरवर १८० आलं तर शून्य कुठं तरी जास्त पडलंय हे लगेच कळतं.

आता शेततळं. 'मागेल त्याला शेततळे' योजनेतल्या सर्वांत मोठ्या तळ्याचं माप होतं ३० × ३० × ३ मीटर. चहाच्या टपरीवर याचा गुणाकार होतो: २,७०० घनमीटर, २७ लाख लिटर. हा गुणाकार सरळ भिंतींच्या हौदाचा झाला. तळ्याच्या बाजू उतरत्या असतात. उतार एकास एक धरला तर तीन मीटर खोलीला प्रत्येक बाजूनं तीन मीटर आत येतो आणि तळ २४ × २४ चा उरतो. अशा आकाराचं घनफळ काढायचं सूत्र सोपं आहे: वरचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि निम्म्या खोलीवरच्या क्षेत्रफळाची चौपट, या तिन्हींची बेरीज करायची, खोलीनं गुणायचं, सहानं भागायचं. वर ९००, तळाला ५७६, मधे २७ × २७ म्हणजे ७२९, त्याची चौपट २,९१६. बेरीज ४,३९२. गुणिले ३, भागिले ६, उत्तर २,१९६ घनमीटर. पाच लाख लिटर इथंच कमी झाले.

पण काठोकाठ तळं भरत नाही, भरूही नये. वर अर्धा मीटर मोकळा ठेवला तर पाण्याची खोली अडीच मीटर आणि पाण्याचा पृष्ठभाग २९ × २९ चा. पुन्हा तेच सूत्र: ८४१ अधिक ५७६ अधिक ७०२.२५ ची चौपट २,८०९, बेरीज ४,२२६. गुणिले २.५, भागिले ६, म्हणजे सुमारे १,७६१ घनमीटर. २७ लाखांचे साडेसतरा लाख झाले, आणि अजून एक थेंबही झाडाला दिलेला नाही. जेसीबीवाल्यानं ३० मीटरची बाजू साडेएकोणतीसची केली तर काय फरक पडतो, तेही करून बघा. काठापर्यंतचं घनफळ २,१९६ वरून २,११६ वर येतं. ८० घनमीटर म्हणजे ८०,००० लिटर; पुढं दिसेल की हे एक एकर डाळिंबाचं आठ दिवसांचं पाणी आहे. तळ्यात प्लास्टिकचा कागद टाकण्याआधी टेप धरून चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजायचे ते यासाठी.

विहिरीचं गणित याहून सोपं आहे आणि सगळ्यांत जास्त उपयोगाचं. गोल विहिरीचा व्यास फुटात घ्या, त्याचा वर्ग करा, २२.२४ नं गुणा. एक फूट खोलीत किती लिटर ते मिळालं. हा २२.२४ कुठून आला? वर्तुळाच्या क्षेत्रफळासाठी ०.७८५४, आणि एका घनफुटात २८.३१७ लिटर, या दोघांचा गुणाकार. २० फुटी विहिरीत फुटाला ८,८९६ लिटर, २५ फुटीत १३,९००, ३० फुटीत २०,०१६, ४० फुटीत ३५,५८४. व्यास दुप्पट केला की पाणी चौपट होतं, हे पहिल्या आणि शेवटच्या आकड्यावरून दिसतंच. रात्रीतून विहिरीला किती पाझर आला ते सकाळी दोरी टाकून फुटात मोजा आणि या आकड्यानं गुणा. आपल्या विहिरीची खरी कुवत यातूनच कळते.

झाडाला किती पाणी लागतं, याचे तक्ते सर्वांत जास्त गैरसमज करून देतात. सूत्र असं: बाष्पपात्रातून दिवसाला उडालेलं पाणी (मिलिमीटरमध्ये), गुणिले पात्राचा गुणक, गुणिले पिकाचा गुणक, गुणिले झाडाच्या वाट्याची जमीन, गुणिले त्यातला भिजणारा भाग, भागिले ठिबकची कार्यक्षमता. यातल्या पिकाच्या गुणकाचा तक्ता जगभर बहुतेक करून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतून घेतात. त्या तक्त्यावर टीप आहे: हवेतली किमान आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास आणि वारा सेकंदाला सुमारे २ मीटर धरून हे आकडे दिले आहेत. एप्रिलमधल्या सांगोल्याच्या माळावरची दुपारची हवा आठवा आणि तो आकडा जसाच्या तसा घ्यायचा का ते ठरवा. त्याच पुस्तिकेत कोरड्या, वाऱ्याच्या हवेसाठी गुणक वाढवून घ्यायची रीतही दिली आहे. दुसरं म्हणजे तो गुणक संदर्भ-गवताच्या गरजेला लावायचा आहे, पात्रातल्या बाष्पीभवनाला थेट नाही. मधे पात्राचा गुणक येतो. तो वगळला की झाडाला दीडपट पाणी जातं. पात्रावर जाळी आहे की नाही यानंही वाचन बदलतं.

उदाहरण घेऊ. लागण ४.५ × ३ मीटरवर, म्हणजे झाडाला १३.५ चौरस मीटर आणि एकरी ३०० झाडं. उन्हाळ्यातलं बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटर धरू. मार्चच्या सुरुवातीला ते कमी असतं, मे महिन्यात चढतं. पात्राचा गुणक ०.७, पिकाचा ०.८, भिजणारा भाग ०.४, कार्यक्षमता ०.९. आता एकेक पायरी लिहा: १० × ०.७ = ७. ७ × ०.८ = ५.६. ५.६ × १३.५ = ७५.६. ७५.६ × ०.४ = ३०.२४. भागिले ०.९, उत्तर ३३.६ लिटर. एकराला १०,०८० लिटर, दोन एकरांना २०,१६०. म्हणजे ३० फुटी विहिरीतलं रोजचं एक फूट पाणी दोन एकर डाळिंबाला पुरतं. हा मेळ योगायोगाचा असला तरी लक्षात ठेवायला सोपा आहे. गुणक तुमचे टाका. झाडाचं वय, बहर, माती याप्रमाणे ते बदलतील. त्यासाठी सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी घ्या, शेजाऱ्याच्या नको.

लिटरचे तास करताना आणखी एक खड्डा आहे. झाडाला तासाला ४ लिटरचे चार ड्रीपर, म्हणजे १६ लिटर. ३३.६ भागिले १६ म्हणजे २.१ तास. २.१ तास म्हणजे दोन तास दहा मिनिटं नव्हेत; दशांशाच्या पुढचा एक म्हणजे तासाचा दहावा भाग, सहा मिनिटं. २.८ आलं तर फरक आणखी मोठा: दोन तास ४८ मिनिटं, आणि टायमर लावणारा माणूस तो बिनदिक्कत २.०८ नाही तर ३.२० असा लावून मोकळा होतो.

आणि ड्रीपर खरंच चार लिटर देतो का? पाकिटावर चार लिटर लिहिलंय ते ठरावीक दाबाला आणि नव्या ड्रीपरला. औषध मोजायचा माप असलेला पेला ड्रीपरखाली धरा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. १०० मिलिलिटर भरायला ९० सेकंद लागले तर तासाला चार लिटर बरोबर. १२० सेकंद लागले तर तीनच लिटर. आपल्याकडच्या क्षारांच्या पाण्यानं दोन-तीन वर्षांत हे सहज होतं. मग १६ च्या जागी १२ घ्या: ३३.६ भागिले १२, म्हणजे २.८ तास. लॅटरलच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी असे मिळून डझनभर ड्रीपर तपासा. पहिल्या आणि शेवटच्यात मोठा फरक असेल तर तो तासांनी भरून निघत नाही. त्याला ॲसिड प्रक्रिया किंवा सबमेनची दुरुस्ती लागते.

आता तळं आणि झाड एकत्र करू, कारण खरा प्रश्न एवढाच असतो: हे पाणी कधीपर्यंत पुरेल? दोन एकरांना रोज २०,१६० लिटर. तळ्याच्या उघड्या पाण्यावरून उडणारं वेगळं: १० मिलिमीटर गुणिले ०.७, म्हणजे ७ मिलिमीटर; ८४१ चौरस मीटरवर ते ५,८८७ लिटर झाले. एकूण २६,०४७. १७ लाख ६१ हजार भागिले २६,०४७ म्हणजे ६७ दिवस. १५ मार्चला तळ्यावरून पाणी सुरू केलं तर २१ मे. पाणी उतरेल तसा पृष्ठभाग आक्रसतो, म्हणून तीन-चार दिवस जास्त मिळतील; पण तळातलं फूटभर गाळाचं पाणी फूटव्हॉल्व्हला येत नाही, ते त्यापेक्षा जास्त दिवस खातं. टपरीवरच्या २७ लाखांत नुसत्या झाडांच्या २०,१६० चा भाग दिला तर १३४ दिवस येतात, म्हणजे २७ जुलै. एका तारखेला मृग लागायच्या आधीच तळ उघडा पडतो, तर दुसरी तारीख श्रावणाच्या आसपासची. बहर कुठला धरायचा हे या दोन तारखांपैकी कुठल्या तारखेवर विसंबून ठरवलं जातं, ते बघा. उडणारं पाणी दोन एकरांच्या गरजेच्या जवळजवळ तीस टक्के आहे, त्यामुळे तळ्यावर शेडनेट टाकायचं का, हेही याच पानावर ठरवता येतं.

पाईपलाईनकडे वळू. घर्षणाचे जे तक्ते दुकानात असतात त्यांच्या मागे बहुधा हेझन-विल्यम्सचं सूत्र असतं. ॲलन हेझन आणि गार्डनर विल्यम्स या अमेरिकन अभियंत्यांनी १९०५ मध्ये 'हायड्रॉलिक टेबल्स' नावाचं तक्त्यांचंच पुस्तक काढलं होतं. सूत्र दिसायला ओबडधोबड आहे, पण त्यातल्या दोनच गोष्टी शेतकऱ्यानं लक्षात ठेवायच्या: हेडची घट प्रवाहाच्या १.८५२ व्या घातानं वाढते आणि व्यासाच्या ४.८७ व्या घातानं कमी होते. हे घात नुसत्या डोक्यात बसत नाहीत, म्हणून सेकंदाला ५ लिटर पाणी ५०० मीटर न्यायचं असं धरून तीन ओळींचा तक्ता काढून देतो.

६३ मिमी (आतून ५९): १०० मीटरला ५.३ मीटर, ५०० मीटरला २६.४ मीटर
७५ मिमी (आतून ७१): १०० मीटरला २.१ मीटर, ५०० मीटरला १०.७ मीटर
९० मिमी (आतून ८६): १०० मीटरला ०.८४ मीटर, ५०० मीटरला ४.२ मीटर

या तक्त्याचीही टीप वाचा: पाईपाचा गुळगुळीतपणा १५० धरलाय, म्हणजे नवा कोरा पीव्हीसी. सांधे, आत बसलेले क्षार, चार वर्षांचं वापरलेपण धरून १४० घेतला तर घट १४ टक्क्यांनी वाढते, १०.७ चे १२.२ होतात. मी स्वतः १४० च घेतो; खालचा मोटारीचा हिशेब मात्र वरच्या तक्त्यातल्या, म्हणजे १५० च्या आकड्यांनीच केलाय.

आता मोटार. विहिरीतल्या उन्हाळी पातळीपासून रानाच्या सर्वांत उंच ठिकाणापर्यंतची उंची समजा २८ मीटर. पावसाळ्यातली पातळी घेऊ नका, मोटार तेव्हा दमत नाही. त्यात फिल्टर आणि ठिबकला लागणारा दाब, सव्वा किलोच्या आत-बाहेर, १२ मीटर. हा आकडा बरेच जण विसरतात. झाले ४०. बेंड, व्हॉल्व्ह यांचे २.३. अधिक पाईपातली घट. मग एचपी म्हणजे सेकंदाचे लिटर गुणिले एकूण हेड, भागिले ७५, भागिले पंपाची कार्यक्षमता. कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर खालचा आकडा ४१.२५ येतो.

७५ मिमीला एकूण हेड ५३ मीटर: ५ × ५३ = २६५, भागिले ४१.२५, म्हणजे ६.४ एचपी. बाजारात मिळणारी त्यावरची मोटार साडेसातची. ६३ मिमीला हेड ६८.७, एचपी ८.३, साडेसातची पुरत नाही, दहाची घ्यावी लागते. ९० मिमीला ४६.५ मीटर, ५.६ एचपी, तरीही साडेसातचीच. या गणितात ७५ मिमी सरळ जिंकतो. ९० नं वीज थोडी वाचेल, मोटारीचा आकार बदलणार नाही. ६३ घेऊन पाईपात वाचवलेले पैसे मात्र दुसरीकडून जातात. २०२४ मध्ये जाहीर झालेली मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी आहे, 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतले पंपही ३, ५ आणि ७.५ एचपीचे आहेत. अर्धा इंच बारीक पाईप घेतल्यानं माणूस या दोन्ही योजनांच्या बाहेर पडू शकतो. पाईप ठरवताना कुणी हा तक्ता काढत नाही, आधी पाईप गाडला जातो आणि मग मोटारीचा विचार सुरू होतो.

तक्त्यात नेमका आपला आकडा नसेल तर? ७५ मिमीच्या तक्त्यात सेकंदाला ४ लिटरला १.४२ आणि ६ लिटरला ३.०० मीटर दिले आहेत, ५ चा आकडा नाही. मधला काढला तर २.२१ येतो. खरा २.१४. चालेल, थोडा जास्तच आहे. पण तक्त्यात फक्त २ आणि ८ लिटरच्या ओळी असतील, ०.३९ आणि ५.१२, तर मधला २.७५ येतो. ही जवळजवळ तीस टक्के चूक झाली. वक्र रेषेवरचे दोन बिंदू सरळ रेषेनं जोडले की असं होतं. बिंदू जितके लांब तितका घोटाळा मोठा. म्हणून मधला आकडा लगतच्या दोन ओळींमधूनच काढायचा, आणि तक्ता जिथं संपतो त्याच्या पुढं कधी वाढवायचा नाही. लॉग टेबलात उजवीकडे जे बारीक फरकाचे रकाने असतात ते याच कामासाठी आधीच करून ठेवलेले असतात.

लॉग टेबल काढलंच आहे तर एक उदाहरण. ड्रीपरच्या ओळी वाढवल्या, प्रवाह २० टक्क्यांनी वाढला, तर पाईपातली घट किती वाढेल? १.२ चा १.८५२ वा घात हवा. १.२ चा लॉग ०.०७९२. गुणिले १.८५२, म्हणजे ०.१४६७. अँटिलॉग १.४०२. प्रवाह वीस टक्के वाढला, घट चाळीस टक्के. पाणी दुप्पट केलं तर घट ३.६ पट. मोबाइलवर ही आकडेमोड चुटकीसरशी होते, पण हातानं एकदा केली की मोबाइलनं चुकीचं उत्तर दाखवलं तर डोळ्याला खटकतं.

मोटारीच्या पाकिटावरच्या तक्त्याबद्दल एवढंच: तो पुरेशा व्होल्टेजला काढलेला असतो. लाईनच्या शेवटच्या डीपीवर संध्याकाळी किती व्होल्टेज येतं ते मीटरवर बघा, आणि २०० लिटरचा बॅरल ठेवून तो किती सेकंदांत भरतो ते मोजा. ४० सेकंद लागले तर ५ लिटर. बॅरल आणि तक्ता यांत भांडण लागलं तर बॅरलची बाजू घ्या.

खताचं उदाहरण थोडक्यात. मोठ्या झाडाला शिफारस समजा नत्र ६२५, स्फुरद २५०, पालाश २५० ग्रॅम अशी आहे. हातात डीएपी, युरिया आणि पोटॅश. सुरुवात स्फुरदापासून करायची, कारण डीएपी नत्रही आणतं. २५० भागिले ०.४६ म्हणजे ५४३ ग्रॅम डीएपी. त्यातून १८ टक्क्यांनी ९८ ग्रॅम नत्र आलं. उरलं ५२७, भागिले ०.४६, म्हणजे १,१४६ ग्रॅम युरिया. पोटॅश २५० भागिले ०.६, म्हणजे ४१७ ग्रॅम. युरियापासून सुरुवात केली तर १,३५९ ग्रॅम येतो आणि वर डीएपीचं नत्र फुकट जादा जातं. एकराच्या ३०० झाडांवर तो जादा युरिया ६४ किलो होतो, दीड गोणीच्या जवळपास. माती परीक्षणाचा अहवाल आला की शिफारशीचे आकडे बदलतात, रीत तीच. फवारणीत टक्का म्हणजे शंभर लिटरला एक किलो: बोर्डो एक टक्का म्हणजे मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. पीपीएम असेल तर हजार पीपीएम म्हणजे लिटरला एक ग्रॅम. याच्या पुढं डोक्यानं करू नका, लिहून करा.

हे सगळं एक्सेलमध्ये बसवायला कॉलेजातली मुलं उत्सुक असतात, त्यांना बसवू द्या. फक्त तीन गोष्टी सांगा. बदलणारे आकडे, म्हणजे बाष्पीभवन, गुणक, ड्रीपरचं खरं पाणी, वेगळ्या रकान्यात आणि शेजारी माप लिहून. सूत्राच्या पोटात दडवलेले नकोत. दशांश मधल्या पायरीला कापायचे नाहीत, शेवटी एकदाच. आणि उतार कोनात दिला असेल तर एक्सेलचं साइन-कोसाइन अंशात चालत नाही, त्याला रेडियन लागतं. अंश तसेच टाकले तर ते कुरकुर न करता चुकीचं उत्तर देतं. पत्रक तयार झालं की वरचं ३३.६ लिटरचं आणि १,७६१ घनमीटरचं उदाहरण त्यात टाकून बघायचं. तेच उत्तर आलं तरच पुढं जायचं.

मग आपल्या रानाचा एक छोटा तक्ता छापून स्टार्टरच्या पेटीच्या आत चिकटवा: बाष्पीभवन ६, ८, १० आणि १२ मिलिमीटर असताना कुठला व्हॉल्व्ह किती मिनिटं. तास नको, मिनिटंच लिहा. वरच्या बाजूला ड्रीपर कधी मोजले ती तारीख, झाडांची संख्या आणि धरलेले गुणक. लॅटरलला ॲसिड दिलं, ओळी वाढवल्या, मोटार बदलली किंवा छाटणीनंतर झाडाचा घेर कमी झाला की जुना कागद काढून नवा लावायचा.